सान्निध्य आणि संकेत : अल्प पल्ल्याच्या बिनतारी दळणवळणाची मूलतत्त्वे

१

वाक्यापासून अर्थबोध होण्यास काय लागते याचा विचार करताना भारतीय शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशी तीन कारणे सांगितली आहेत. पैकी पहिल्या दोहोंवर पुष्कळ खल झालेला आढळतो. सन्निधीचे प्रकरण मात्र सहज समजण्याजोगे म्हणून थोडक्यात आटोपले जाते. 'गाय' हा शब्द आता उच्चारला आणि 'आण' हा शब्द प्रहरभराने, तर ऐकणाऱ्यास आज्ञेचा बोध होत नाही, एवढेच तिचे स्पष्टीकरण. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शास्त्रकारांना अभिप्रेत असलेली ही जवळीक जागेची नसून काळाची आहे.

गेल्या तीसेक वर्षांत यंत्रायंत्रांतील संदेशवहनाची जी एक शाखा झपाट्याने वाढली, तिच्या मुळाशीही जवळिकीचीच कल्पना आहे. टोलनाक्यावर मोटारीच्या काचेवरील पट्टी वाचली जाते. दुकानात कार्ड यंत्राजवळ धरताच पैसे चुकते होतात. कानातील श्रवणयंत्र खिशातील फोनशी बोलते. मालक जवळ येताच मोटारीचे दार उघडते. या सर्व ठिकाणी 'अमुक जवळ आहे' असे गृहीत धरून यंत्र काही कृती करते, आणि त्या कृतीशी माणसाचा पैसा, मालमत्ता व क्वचित आरोग्यही निगडित असते. हे 'जवळ असणे' यंत्राला कशावरून कळते आणि त्या कळण्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ अभियंत्यांचा राहत नाही. संकेत आणि अर्थ यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्यांनीही तो हाती घ्यावा असा आहे. त्यासाठी या तंत्राची मूलतत्त्वे प्रथम पाहिली पाहिजेत.

२

सर्व बिनतारी दळणवळणाचे वाहन एकच, विद्युच्चुंबकीय लहरी. मॅक्सवेल यांनी गणिताने वर्तविलेल्या या लहरी हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये प्रयोगाने सिद्ध केल्या. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास याच लहरींनी, मध्ये भिंती असताना, दूरची घंटा वाजवून व बंदुकीची दारू उडवून दाखविली. बोस यांच्या प्रयोगांतील काही लहरींची लांबी अवघी ५ मिलिमीटरच्या आसपास होती. मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पाठविल्यानंतर मात्र या विद्येचा सारा ओढा अंतर जिंकण्याकडे राहिला. संकेत जितका दूर जाईल तितका तो यशस्वी, हीच कसोटी ठरली.

अल्प पल्ल्याच्या तंत्रांनी ही कसोटी उलटी केली. दर सेकंदास लहरीची जितकी आंदोलने होतात, त्या संख्येस कंप्रता म्हणतात. वापरण्याजोग्या कंप्रतांचा साठा मर्यादित आहे. एखादे प्रक्षेपण शंभर किलोमीटर ऐकू जात असेल, तर तेवढ्या प्रदेशात ती कंप्रता एकाच्याच कामी येते; परंतु ते दहा मीटरांतच विरत असेल, तर शेजारच्या घरातही तीच कंप्रता निर्वेधपणे वापरता येते. शिवाय थोड्या अंतरास थोडी शक्ती पुरते, आणि बोटाच्या पेराएवढ्या विद्युत्‌घटावर एखादे उपकरण महिनोन्‌महिने चालू शकते. तात्पर्य, येथे संकेत लवकर विरणे हा दोष नसून योजना आहे. चार्ल्स हॉकेट यांनी १९६० मध्ये मानवी भाषेची रचनावैशिष्ट्ये मांडली, तेव्हा उच्चारलेला ध्वनी तत्काळ विरतो ही गोष्टही त्यांनी एक वैशिष्ट्य म्हणून नोंदविली होती. ध्वनी विरत नसता तर पुढचे वाक्य ऐकूच आले नसते. बोस यांनी हाताळलेल्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरींची कंप्रता ६० गिगाहर्ट्‌झच्या घरात येते. या लहरी हवेतील प्राणवायू शोषून घेतो, आणि म्हणूनच आज हा पट्टा एकाच खोलीतील यंत्रांच्या जलद संभाषणासाठी उपयोगात आणला जातो.

३

यांपैकी बहुतेक तंत्रांनी आपला संसार २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात थाटला आहे. याचे कारण तांत्रिक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे. अटलांटिक सिटी येथे १९४७ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या उपकरणांसाठी राखून ठेवण्यात आले. अन्न तापविणाऱ्या सूक्ष्मलहरी भट्ट्या याच पट्ट्यात चालतात. जेथे भट्ट्यांचा गोंगाट आधीच आहे, तेथे परवान्यावाचून बोलू दिल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही, अशा विचाराने अमेरिकेच्या नियामक आयोगाने १९८५ मध्ये हा पट्टा काही अटींवर दळणवळणास मोकळा केला. भारतात तो २००५ मध्ये परवानामुक्त झाला. सार्वजनिक गायरानासारखी ही जमीन कोणाचीच नाही. यास्तव तेथे वागावे कसे, याचे नियम वापरणाऱ्यांनीच ठरवावे लागले.

गर्दीत एकाच वेळी दोघे बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रमसन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये चालू केलेल्या बिनतारी जाळ्यात प्रत्येकाने मनास येईल तेव्हा बोलावे आणि टक्कर झाल्यास काही काळ थांबून पुन्हा बोलावे, असा साधा नियम होता. गणिताने असे दिसले की, या रीतीने उपलब्ध वेळापैकी फार तर शेकडा १८ इतकाच वेळ खऱ्या संदेशाच्या कामी येतो. पुढील तंत्रांनी त्यात सुधारणा केली ती माणसाच्या शिष्टाचारासारखी : आधी ऐकावे, कोणी बोलत नसेल तर बोलावे, आणि बोलत असेल तर यदृच्छेने ठरलेला अवधी थांबावे. घरोघरी असलेले वाय-फाय आणि विजेच्या दिव्यांपासून तापमापकांपर्यंतच्या लहान उपकरणांस जोडणारे झिगबी हे दोन्ही याच रीतीने चालतात. झिगबी हे नाव मधमाश्यांच्या नागमोडी नृत्यावरून पडले आहे, आणि तिच्यातील उपकरणे एकमेकांचा निरोप पुढे पोचवीत असल्याने लहान आवाजाच्या उपकरणांचेही मोठे जाळे विणता येते.

ब्ल्यूटूथची रीत निराळी. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये या तंत्राचे काम सुरू झाले. १९९८ मध्ये पाच कंपन्यांचा संघ स्थापन होऊन पुढील वर्षी त्याची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. डेन्मार्कच्या टोळ्यांना एका राज्यात आणणारा दहाव्या शतकातील राजा हाराल्ड याचे 'निळा दात' हे उपनाम तात्पुरते म्हणून या तंत्रास देण्यात आले, आणि तेच टिकले. त्याच्या बोधचिन्हात हाराल्डच्या नावातील दोन आद्याक्षरे प्राचीन रून लिपीत एकमेकांत गुंफलेली आहेत. या तंत्राच्या मूळ स्वरूपात एक यंत्र सभाध्यक्षासारखे असते आणि त्याच्याभोवती एका वेळी जास्तीत जास्त सात यंत्रे सक्रिय राहू शकतात. कोणी केव्हा बोलावे हे अध्यक्ष ठरवितो. गोंगाट टाळण्यासाठी ही मंडळी पट्ट्याच्या ७९ मार्गांपैकी एकावरून दुसऱ्यावर सेकंदास १,६०० वेळा उड्या मारतात. उड्यांचा क्रम अध्यक्षयंत्राच्या पत्त्यावरून व घड्याळावरून निघतो, म्हणून तो फक्त सभेतल्यांनाच पाळता येतो. कंप्रता बदलीत राहण्याची ही कल्पना जुनी आहे. चित्रपट-अभिनेत्री हेडी लामार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये पाणतीराच्या नियंत्रणासाठी अशाच योजनेचे एकस्व मिळविले होते; त्यात स्वयंचलित पियानोच्या छिद्रित पट्टीने ८८ कंप्रतांमध्ये उड्या घ्यावयाच्या होत्या.

संभाषणात पाळी कशी ठरते याविषयी सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफर्सन यांचा प्रसिद्ध निबंध १९७४ चा आहे. चालू वक्त्याने पुढचा वक्ता निवडावा, नाहीतर जो आधी तोंड उघडेल त्याने बोलावे, हे त्यांनी नोंदविलेले दोन मुख्य नियम आणि वर सांगितलेल्या दोन रीती यांचे साम्य उघड आहे. हे साम्य अनुकरणातून आलेले नाही. एकाच माध्यमात अनेकांना बोलावयाचे असले की, व्यवस्था याच दोन दिशांनी जाते.

४

याहूनही जवळच्या पल्ल्याची दोन तंत्रे वेगळ्या तत्त्वावर उभी आहेत. त्यांत एक पक्ष बहुधा मुका असतो. त्याच्यापाशी बोलण्यापुरतीही स्वतःची शक्ती नसते.

पहिले तंत्र निकटक्षेत्र दळणवळणाचे, म्हणजे एनएफसीचे. याची कंप्रता १३.५६ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे २२ मीटर. एवढ्या लांब लहरीच्या तुलनेने कार्डातील तारेचे वेटोळे नगण्य असते. म्हणून येथे लहरींचे प्रक्षेपण असे जवळजवळ होतच नाही. यंत्रातील वेटोळ्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्यात आलेल्या कार्डातील वेटोळ्यात, विद्युत्‌जनित्राच्या जुन्याच नियमाने, प्रवाह उत्पन्न होतो. त्या प्रवाहावर कार्डातील इवलासा संगणक जागा होतो. त्याने आपल्या वेटोळ्यावरचा भार कमीअधिक केला की, त्याचा परिणाम यंत्राच्या वेटोळ्यावर जाणवतो, आणि हेच कार्डाचे उत्तर. अशा क्षेत्राची तीव्रता अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दूर पसरणाऱ्या लहरीच्या बाबतीत अंतर दुप्पट केल्यास क्षेत्र निम्मे होते, येथे ते अष्टमांशावर येते. काही सेंटिमीटरांपलीकडे कार्ड जागे होत नाही, ते यामुळे.

दुसरे तंत्र परावर्तनाचे. आरशाने उन्हाचा कवडसा पाडून दूरवर खूण करावी, तशी काचेवरील पट्टी नाक्यावरील यंत्राची लहर संकेतानुसार कमीअधिक परत फेकते. परावर्तित शक्तीने संदेशवहन करण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ च्या निबंधात मांडली होती. भारतात २००५ मध्ये यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा झाला आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा करण्यात आला.

या दोन्ही तंत्रांत सान्निध्याला एक नवा अर्थ चिकटला आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये २,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार गुप्त अंकाशिवाय, केवळ कार्ड जवळ धरून करण्यास मुभा दिली. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा ५,००० रुपये झाली. म्हणजे कार्ड यंत्राजवळ येणे हीच धारकाची संमती समजली जाते. पूर्वी जे काम सहीने होत असे, ते आता अंतर करते.

५

ब्ल्यूटूथच्या बाबतीत अंतराचा निर्णय पदार्थविज्ञान आपोआप करून देत नाही. त्याचा पल्ला प्रक्षेपकाच्या शक्तीप्रमाणे काही मीटरांपासून शंभर मीटरांपर्यंत असू शकतो. तेथे यंत्र अनुमान करते : संकेत जोरकस, म्हणून बोलणारा जवळ. हे अनुमान २०२० च्या साथीत कोट्यवधी लोकांच्या आरोग्याशी जोडले गेले. भारतात त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आलेले 'आरोग्य सेतु' आणि युरोपातील अनेक देशांची तत्सम साधने ब्ल्यूटूथच्या संकेतावरून कोण कोणाच्या निकट होते याची नोंद ठेवीत.

न्यायशास्त्राच्या भाषेत हे अनुमान तपासण्याजोगे आहे. संकेताचा जोर हा हेतू आणि निकटता हे साध्य. जेथे जेथे हेतू तेथे तेथे साध्य असेल, तरच व्याप्ती सिद्ध होते. परंतु २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची असते. धातूच्या पृष्ठभागावरून ती परतते, आणि थेट आलेली लहर व परतलेली लहर एकमेकींत मिसळून कोठे संकेत वाढतो, कोठे घटतो. त्यामुळे दूरच्या यंत्राचाही संकेत जोरकस येऊ शकतो आणि हेतू व्यभिचारी ठरतो. उलटपक्षी मनुष्यदेहातील पाणी ही लहर शोषून घेते. म्हणून पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघांच्या खिशांतील फोनांना एकमेकांचा आवाज क्षीण वाटू शकतो. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो, हा नैयायिकांचा दृष्टांत येथे तंतोतंत लागू पडतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी २०२० मध्ये ट्रामगाडीत मापने घेतली, तेव्हा संकेताचा जोर व अंतर यांचा फारसा मेळ दिसला नाही. त्यांच्या मापनांना स्वित्झर्लंड व जर्मनी यांचे निकष लावले असता एकही सूचना निघाली नाही; इटलीच्या निकषाने जेवढ्या शेकडा खऱ्या निकट जोड्या ओळखल्या, तेवढ्याच शेकडा दूरच्या जोड्याही निकट ठरविल्या. असे साधन जवळ बसलेल्यास निर्धास्त ठेवू शकते आणि दूरच्यास विनाकारण घरी बसवू शकते.

यावरून ब्ल्यूटूथ सदोष आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शब्द पोचविण्यासाठी केलेल्या योजनेकडून अंतर मोजण्याची अपेक्षा करण्यात आली, हे त्या अपयशाचे कारण आहे.

६

याहून सूक्ष्म अडचण अर्थविचाराची आहे. ब्ल्यूटूथच्या २०१० मधील अल्पशक्ती आवृत्तीत उपकरण ठरावीक तीन मार्गांवर अधूनमधून स्वतःची घोषणा करीत असते. कार्ड, किल्ली, पट्टी या सर्वांचे बोलणेही अखेर एकाच वाक्यात सामावते : 'अमुक मी येथे आहे.' रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये संपर्क राखण्याचे भाषेचे जे कार्य वेगळे काढले, ते या वाक्यात दिसते. परंतु त्यातील 'मी' आणि 'येथे' हे शब्द, कार्ल ब्यूलर यांनी १९३४ मध्ये दाखविल्याप्रमाणे, दर्शक आहेत. बोलणारा व बोलण्याची जागा ठाऊक असल्याशिवाय त्यांचा अर्थच लागत नाही.

'मी' चा प्रश्न गुप्तलेखनशास्त्राने बऱ्याच अंशी सोडविला आहे. दार किल्लीला दरवेळी नवा प्रश्न विचारते, आणि केवळ खऱ्या किल्लीलाच ठाऊक असलेल्या गुपिताने त्याचे उत्तर देता येते. 'येथे' चा प्रश्न मात्र या उपायाने सुटत नाही. समजा, एक जण मोटारीपाशी उभा आहे आणि त्याचा साथीदार मालकाच्या मागे बाजारात चालत आहे. पहिल्याने दाराचा प्रश्न ऐकून दुसऱ्याकडे पाठविला, दुसऱ्याने तो मालकाच्या खिशातील किल्लीस ऐकविला आणि तिचे उत्तर त्याच वाटेने परत आणले, तर दार उघडते. येथे गुपित फुटलेले नाही, उत्तरही खरेच आहे. केवळ 'येथे' हा शब्द आपल्या जागेवरून उचलून दुसरीकडे नेला आहे. झुरिक येथील फ्रान्सियों, दानेव आणि चापकुन या संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा प्रकारच्या मोटारींवर हा प्रयोग केला आणि दहाही मोटारी त्यास बळी पडल्या. कार्डाच्या बाबतीतही हीच युक्ती तत्त्वतः शक्य आहे. एनएफसीचे क्षेत्र सेंटिमीटरांत विरते, हे खरे; परंतु ते विरण्यापूर्वी उचलून पुढे धाडणारा कोणी जवळ असला, तर त्या विरण्याचा उपयोग राहत नाही.

७

यावरचा उपाय स्टेफान ब्रँड्‌स आणि डेव्हिड चॉम यांनी १९९३ मध्येच सुचविला होता. दाराने प्रश्न विचारावा आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला ते मोजावे. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो, आणि त्याहून वेगाने कोणताही निरोप जाऊ शकत नाही. जाण्यायेण्याच्या वेळातून किल्लीने उत्तर तयार करण्यास घेतलेला ठरावीक अवधी वजा करून उरलेल्याचे निम्मे केले की, अंतर मिळते. मध्यस्थ कितीही चतुर असला, तरी तो संकेताचा जोर वाढवू शकतो. प्रवासाचा वेळ कमी करू शकत नाही.

कल्पना सोपी असली तरी तिला लागणारे घड्याळ सोपे नव्हते. मोजण्यात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात दीडशे मीटरांची चूक होते. त्यासाठी अत्यंत अल्पजीवी स्पंद लागतात, आणि स्पंद जितका अल्पजीवी तितका कंप्रतांचा पसारा मोठा, हा लहरींचा नियमच आहे. अमेरिकेत २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्‌झ इतका विस्तीर्ण पट्टा अत्यल्प शक्तीच्या अशा स्पंदांना खुला झाला, तेव्हा अतिविस्तृत पट्ट्याचे, म्हणजे यूडब्ल्यूबीचे, तंत्र व्यवहारात येण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याने काही सेंटिमीटरांपर्यंत अंतर मोजता येते. स्पंदाचे आगमन आगाऊ भासविण्याच्या युक्त्याही पुढे निघाल्या. म्हणून २०२० च्या सुधारित नियमावलीत केवळ उभय पक्षांनाच ठाऊक असलेली स्पंदमालिका घालण्यात आली. या तंत्राच्या किल्ल्या काही मोटारींत आता आल्या आहेत. कार्डे आणि बहुतांश जुनी उपकरणे मात्र अद्याप क्षेत्राच्या किंवा जोराच्या अनुमानावरच चालतात.

एखादे साधन 'जवळ आहे' असे सांगते, तेव्हा ते कशावरून सांगते, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते. क्षेत्र विरण्यावरून सांगत असेल, तर मध्यस्थ नाही याची खात्री हवी. जोरावरून सांगत असेल, तर ते केवळ अनुमान समजावे. वेळेवरून सांगत असेल, तरच त्यास मापनाची योग्यता येते. विलंब न होता उच्चारलेली पदेच एकमेकांच्या सन्निध असतात, असे शास्त्रकारांनी म्हटले, तेव्हा त्यांच्यापुढे वाक्य होते, यंत्र नव्हते. तथापि 'येथे' या शब्दाची सत्यता ठरविण्यासाठी यंत्रविद्येसही शेवटी विलंबच मोजावा लागला. दोन शास्त्रांचा एकमेकांशी संबंध नसताना ती एकाच ठिकाणी येऊन पोचावीत, ही गोष्ट शब्दार्थविचाराच्या अभ्यासकांनी नोंद करून ठेवावी अशी आहे.